आई कोणी घ्यायची

निबंधवाल्या सरांनी आमचे दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर सरकवला. "एकाच घरातून एकच आई दोनदा मेली, तर वाचणाऱ्याला काय वाटेल? एकीनेच लिहा. दुसरीने दुसरं काहीतरी शोधा."

आम्ही जुळ्या. कॉलेज एकच हवं होतं आणि अर्जासोबतच्या निबंधाचा प्रश्नही एकच: तुम्हाला घडवणारा अनुभव. सांगण्याजोगं दुःखही आमच्या घरात एकच होतं.

जिन्यात धाकटीने माझा दंड धरला. "ताई, मला दे ना गं आई." एरवी नावाने हाक मारते, काम असलं की मी ताई. थोडी आधी जन्मले म्हणून जन्मभर मीच सोडायचं, खेळणं असो की खिडकीजवळची जागा. दिली.

लिहायला बसली, तर बाईसाहेबांना काहीच ठाऊक नव्हतं. आजारपणात ती आईच्या खोलीत पाऊल टाकत नसे. वास सहन होत नाही म्हणायची. मलाही होत नव्हता.

"शेवटी ती काय घ्यायची गं?"

मी सांगितलं. दूध, चमच्याने, तेही कुशीवर वळवून. विंचरताना कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, ते आईला दिसू नयेत म्हणून मी मुठीत लपवायचे. ती भराभर लिहीत गेली. सगळं माझंच होतं, पण दिलेलं परत कसं मागणार?

सरांना निबंध फार आवडला. त्यातली बहीण तेवढी त्यांनी काढायला लावली. "लक्ष उगाच तिच्याकडे जातं."

मी लिहिलं सायकलवर. मोडकी सायकल मी घरीच कशी दुरुस्त केली, वगैरे. माझ्यासारखंच रटाळ.

तिला प्रवेश मिळाला. मला नाही.

बाबा जहाजावर काम करतात. आई गेली तेव्हाही समुद्रावरच होते. फोनवर त्यांना एवढंच कळायचं की मुली करताहेत. सुट्टीवर आले तेव्हा धाकटीची बॅग भरणं चाललं होतं. त्यांनी तिचा निबंध वाचला आणि एवढा दणकट माणूस हुंदके देऊन रडला. "एकटीने केलंस गं सगळं, बाळा!"

धाकटी मोज्यांच्या घड्या घालत होती. घातलेल्याच पुन्हा घालत होती.

बाबा डोळे पुसून माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आणि तू? तू कुठे होतीस तेव्हा?"

"सायकल दुरुस्त करत होते," मी म्हणाले.