छताला नव्हे, छतात

सन दोन हजार एकोणीस, मे महिना, ग्रीष्म ऐन भरात. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माझे खोके उघडले गेले आणि माझ्या आयुष्यास खरा आरंभ झाला. मी एक पंखा बोलतो आहे. कृपया मला घरोघरी टांगलेल्या पंख्यांच्या पंक्तीत बसवू नका. ते छताला असतात. मी छतात असतो. फरक एका प्रत्ययाचा आहे, परंतु त्यासाठी पत्रा कापावा लागतो.

त्यापूर्वीचे सांगण्यासारखे थोडेच. कारखान्यात जन्मलो, दुकानाच्या फळीवर आठ महिने खोक्यात पडून राहिलो आणि एके दिवशी एका शिंपीमास्तरांच्या पत्नींनी मला विकत घेतले. "हवा बाहेर फेकतो ना नक्की? का नुसती तिथल्या तिथे फिरवत बसतो?" असे त्यांनी दुकानदारास दोनदा विचारले. माझ्याविषयी इतका नेमका प्रश्न तोवर कोणी केला नव्हता.

मास्तरांनी शिवणकाम थांबवल्यावर पावाच्या कारखान्याची एक जुनी गाडी घेतली होती. तिच्यात पलंग, छोटा ओटा, कपाट असे सारे त्यांनी स्वहस्ते बसवले. जायचे होते बाईंच्या थोरल्या बहिणीकडे. ताई ऐंशीच्या पुढे गेलेल्या, दोन दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या. बहिणी-बहिणींची नऊ वर्षांत भेट नव्हती.

अडचण एकच. बाईंना दम्याचा विकार होता. चाळीस वर्षे इस्त्रीच्या वाफेत काढलेली ती छाती. बंद जागेत पाच मिनिटांत धाप लागे. आणि गाडीच्या मागच्या भागातील काचा उघडत नसत. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या त्यांच्या लेकीने स्वच्छ सांगितले, "आई, हा चाकांवरचा डबा आहे. वाटेत तुझा श्वास अडकला तर बाबा काय टेप लावून मोजत बसणार? लाँड्रीवाले काका गाडी मागताहेत. देऊन टाका."

"महिनाअखेरपर्यंत थांब," बाई म्हणाल्या. "पंखा बसला आणि मला आत झोप लागली, तर आम्ही जाणार. नाही लागली, तर दे कुणाला द्यायची ती."

माझ्यासोबत कागदाचा एक चौकोनी नमुना आला होता. मास्तर तो घेऊन टपावर चढले. नमुना ठेवून त्यांनी खडूने रेघ मारली, गुण्या लावून चारही कोन तपासले. अशी देखणी रेघ मी पाहिली नव्हती. मग त्या रेघेबाहेर एक बोट जागा सोडून त्यांनी दुसरी रेघ मारली आणि त्या दुसऱ्या रेघेवरून पत्रा कापला.

जन्मभराची सवय ती. कापड बेतताना शिवणीसाठी रेघेबाहेर थोडे जास्त ठेवतात. शिंपी त्याला 'माया' म्हणतात. मायेने कापडाचा तुकडा मोठा होतो. छपराचे मात्र भोक मोठे झाले. मला वर ठेवले तेव्हा माझ्या काठाची छिद्रे अधांतरी राहिली आणि मी आत पडता पडता वाचलो.

"अहो," बाईंनी खालून विचारले, "भोकाला कुणी माया ठेवतं का?"

मास्तर उतरले ते थेट घरात गेले. टपावर ताडपत्री बांधली गेली आणि मास्तरांचे तोंड त्याहून घट्ट. लेक येऊन पाहून गेली. हसू आवरत म्हणाली, "लाँड्रीवाले काका म्हणतात, भोक बुजवून घेतो मी. रविवारी येतो."

माणसाची एक खोड मला त्या दिवसांत कळली. चूक दुरुस्त करण्यापेक्षा तिच्यासमोर मान खाली घालून बसणे त्याला सोपे वाटते. बाईंना ती खोड नव्हती. तिसऱ्या सकाळी त्यांनी स्वतः शिडी लावली. दोन पायऱ्या चढल्या, थांबून श्वास घेतला, तिसरी चढल्या.

"अगं, उतर! पडशील!" मास्तर धावत आले.

"मग तुम्ही चढा. गिऱ्हाइकाचा गळा मोठा कापला गेला की काय करायचात? सदरा फेकून द्यायचात?"

मास्तरांनी शिडी धरली. "आतून पट्टी लावून गळा लहान करायचो."

"तीच लावा इथे. पत्र्याला लाज वाटत नाही, तुम्हालाच वाटतेय."

पत्राकाम करणाऱ्याकडून अॅल्युमिनियमची रुंद चौकट करून आणली गेली. "मास्तर, ह्या मापात माया धरलीय का?" त्याने विचारले. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती तर! "तू मुकाट्याने काप," मास्तर म्हणाले.

कापलेल्या कडा कानशीने घासून त्यांना गंजरोधक रंग दिला. त्यावर चिकटपट्टी, त्यावर चौकट, चौकटीत मी. स्क्रू असे समान अंतरावर बसले की जणू सदऱ्याची काजेच. हवा खालून आत यावी म्हणून मागच्या दारात जाळी बसवली. शेवटी तारा जोडल्या आणि मी फिरलो.

रविवारी भर दुपारी लेक आली. तिची अट कडक होती: दारे बंद, एक तास, आणि पाऊस समजून वरून पाण्याचा पाइप. बाई उशी घेऊन आत गेल्या. लाँड्रीवाले फाटकाशी उभे राहिले. छत्रीसारख्या उघडलेल्या माझ्या झाकणावर पाणी धो धो आदळत होते. मी त्याचा एक थेंब आत जाऊ दिला नाही. खालची तापलेली हवा मी खेचत राहिलो आणि कान त्या छातीकडे लावून बसलो. प्रथम श्वास जलद होता. मग संथ झाला. मग बारीकसे घोरणे ऐकू आले.

तास भरताच लेकीने दार उघडले. "आई! बरी आहेस ना?"

"दार लाव गं. आत्ता कुठे डोळा लागला होता."

लेकीने पाइप बंद केला, फाटकाशी गेली आणि म्हणाली, "काका, तुम्ही दुसरी गाडी बघा."

वाचकहो, तुमच्याही डोक्यावर माझ्यासारखा कोणी असेल, तर वर्षातून एकदा त्याची पाती पुसा आणि निघताना झाकण मिटा. एवढेच मागणे.

बाईंनी पलंगावर बसूनच ताईंना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला : "येते येते म्हणतेस, नऊ वर्षं ऐकतेय मी."

"या वेळी छत कापून येतेय," बाई म्हणाल्या.

तो दिवस रविवार, सव्वीस मे, दुपारचे सव्वातीन.