हिरव्या काठाचा घागरा

मानवतला गोविंदरावांच्या घरी हळदीची गडबड चालली होती आणि मागच्या खोलीत लीला जीव मुठीत धरून बसली होती. ती त्यांच्या धाकट्या भावाची बायको. वर्षापूर्वी तो वारला, आणि तेरावं होताच घरच्यांनी तिच्या सगळ्या रंगीत साड्या भांडेवालीला देऊन टाकल्या. सहा साड्यांवर एक स्टीलची परात आली. विधवेला रंग कशाला, असं म्हणणाऱ्यांना परात मात्र लगेच चालली.

गोविंदरावांची मुलगी प्राची परभणीला फॅशन डिझाइन शिकलेली. टाकाऊ कपड्यांतून नवं शिवायचं, हाच तिचा ध्यास. साड्या दिल्या त्याच दिवशी तिने भांडेवालीला बसस्टँडवर गाठून साड्या परत आणल्या होत्या. त्यांचेच तुकडे जोडून तिने स्वतःच्या हळदीचा घागरा शिवला. मशीन तिने चालवली, हातशिलाई लीलाने केली. घरात कोणालाच पत्ता नव्हता.

"माझा हात लागलाय कळलं तर तुझे बाबा मला घरात ठेवायचे न्हाईत," लीला म्हणाली. "मी कुठं जाऊ गं?"

"लय भेता काकू तुमी. कोण वळखतंय?"

इथेच पोरगी चुकली. घागऱ्याच्या घेराला लीलाच्या लग्नातल्या शालूचा हिरवा काठ होता, आणि तो शालू गोविंदरावांनीच पसंत केला होता.

घागरा घालून बसलेल्या मुलीला बोलवायला ते दारात आले आणि काठाकडे पाहतच राहिले. "हा लीलाचा शालू हाय. कोणी शिवलं हे?"

लीला पुढे आली. "मी, भाऊजी."

"शुभकार्यात अपशकुन! पाहुणे यायलेत. उसव तो काठ, आत्ताच्या आत्ता." त्यांनी कात्री तिच्यापुढे टाकली.

लीलाने कात्री उचलली. प्राचीही घाबरली होती, पण कोपऱ्यात हळद कालवून ठेवलेल्या परातीकडे बोट दाखवून बोलली. "बाबा, याच साड्यांवर ती परात आली. तिच्यात कालवलेली हळद चालती, अन् काकूचा काठ चालंना व्हय?"

"उसव म्हणलं ना!" गोविंदराव लीलावर ओरडले.

लीलाने कात्री खाली ठेवली. "न्हाई उसवणार, भाऊजी. घरातून काढा पाहिजे तर."

प्राचीने परात पुढे ओढली. "काकू, पयली हळद तुमीच लावा."

लीलाने हळद घेतली. निम्मी फरशीवरच सांडली, उरलेली तिने प्राचीच्या गालाजवळ नेली. गोविंदराव दारातच उभे राहिले. त्यांच्यामागे पाहुणे येऊन थांबले होते. वाचकहो, त्यांत तुम्हीही आहात. बोला, लीलाने हळद लावायची की नाही, काय म्हणता?