मुराळ्याची मोटर

आमचे हे दुपारच्या वेळी बारदानाच्या गठ्ठ्यावर बसून गाडी चालवायचे. हातात स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, पण दोन्ही हात पुढे, डोळे अर्धे मिटलेले, आणि मधूनच सगळं अंग डावीकडे झुकायचं. म्हणजे वळण आलं. जळगावच्या बाजारपेठेत आमचं रिकाम्या पोत्यांचं दुकान. एप्रिलच्या दुपारी तिथं रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही, मग गिऱ्हाईक कुठून येणार? मी डबा घेऊन जायची, तर हे पारोळा ओलांडून धुळ्याच्या रस्त्याला लागलेले. मी डबा आपटायची. मग गाडी थांबायची आणि हे हात धुवायला उठायचे.

यांचं नाव मी आजवर उखाण्यातच घेतलं, पण इथं सांगून टाकते. रुपचंद. आणि ही गाडी जायची कुठं, तर साक्रीच्या पुढच्या एका खेड्यात, यांच्या थोरल्या बहिणीकडे. मंजुळा तिचं नाव. आम्ही सगळे अक्का म्हणतो. यांची आई लवकर गेली, तेव्हा परकरातल्या अक्कानंच यांना न्हाऊमाखू घालून मोठं केलं.

आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. अक्षय्य तृतीया म्हणा हवं तर, पण आम्हाला ती आखाजीच. निंबाला झोके बांधतात, घराघरांतून आमरसाचा वास येतो. लेकीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणायचं. अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला हे शाळकरी पोर मुराळी होऊन गेलं, चुलत्याबरोबर बैलगाडीतून; यांचं घर तेव्हा तिकडच्याच एका खेड्यात होतं. येताना मागून एक मोटर आली, भोंगा वाजवत, फुफाटा उडवत. बैल बुजले आणि गाडी थेट शेतात शिरली. कुणाला लागलं नाही, पण अक्काचं नवं लुगडं धुळीनं भरलं आणि यांना रडू कोसळलं.

"रडू नको, अक्का, मी तुले मोटरमा लई जासू," रडत होते स्वतःच, पण म्हणाले असं.

अक्का हसली. लांब गेलेल्या मोटरीकडे बघत म्हणाली, "कोनती मोटर? हाईच? गोल तोंडनी?"

"हाईच."

झालं. त्या दिवसापासून हे दर आखाजीला एस.टी.नं जायचे आणि अक्का दारात उभी राहून विचारायची, "मोटर कोठे शे?" हे म्हणायचे, "पुढला सालले, अक्का." आमच्याकडे मुराळ्याच्या बैलांना वैरण-पाणी करायचं काम लेकीच्या सासरचं. अक्का दरवर्षी ओट्याशी कडब्याची एक पेंढी आणि पाण्याची बादली काढून ठेवायची. एस.टी. काय कडबा खाते? पण ती ठेवायची, आणि भाऊ-बहीण त्या पेंढीकडे बघून पोट धरून हसायचे. माझं लग्न झाल्यावर मला आधी वाटलं, ही दोघं अर्धवट आहेत. नंतर खात्रीच पटली.

नव्वद सालच्या होळीला अक्काला धाप लागली. धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं, काळजाची झडप थकली आहे. एवढं वर्ष निघालं तरी देवाची कृपा समजा. त्या दिवशी घरी आल्यावर हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गठ्ठ्यावरची गाडी बंद झाली. हे खरी गाडी चालवायला शिकू लागले. कय्युम टॅक्सीवाला रोज सकाळी यांना मैदानात घेऊन जायचा आणि परत आणून सोडताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचा.

आता माझंही ऐका. गाडीची स्वप्नं मलाही पडायची. पण माझ्या स्वप्नातली गाडी नवी होती. माझ्या लग्नातला शालू जावेच्या अंगावरून उतरलेला. शिलाई मशीन शेजारणीनं विकायला काढलेलं. फ्रीज आला तोही दुसऱ्याच्या घरात थंड झालेला. पोत्यांच्या धंद्यातल्या माणसाला वापरलेल्या वस्तूचं काही वाटत नाही, पण मला वाटायचं. एकदा तरी अशी वस्तू दारात यावी, जी अजून कुणाच्याच दारात नाही. आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की अँबॅसिडरचं तोंड बदलणार. समोरची जाळी वेगळी, आत बसायलाही नवं काहीतरी, दिवाळीच्या आत येणार. मी मनातल्या मनात त्या गाडीला झेंडूचा हार घालून मोकळी झाले. बाजारातल्या बायका दारात उभ्या आहेत, मी मागच्या सीटवर काच खाली करून बसले आहे, आणि गाडी मुद्दाम हळू चालली आहे. पोळी करपेपर्यंत मी त्या सीटवर बसलेली असायची.

आणि यांनी एका संध्याकाळी सांगितलं, "धुळ्याला जुन्या मॉडेलची एक उरलीय. घेतोय."

मी भडकले. "चार महिन्यांनी नवी येतेय आणि तुम्ही म्हातारी घरात आणताय? उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! लोक हसतील."

"हसू देत."

"आयुष्यभर शिळं खाल्लं. एकदा तरी ताजं द्या की!"

हे माझ्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "चार महिन्यांनी नवी आणून करू काय? वरातीमागून घोडं? अक्का थांबेल का तोवर?"

मला फार वाईट वाटलं. राग गेला नाही, खोटं कशाला सांगू, पण तो बोलायची सोय राहिली नाही.

आखाजीच्या आधी आम्ही धुळ्याला गेलो. विकणारा माणूस भला होता. तोच म्हणाला, "शेठ, घाई नसेल तर थांबा. नवं मॉडेल येऊ द्या." हे म्हणाले, "घाई आहे." दालनाच्या कोपऱ्यात ती उभी होती. दुधी रंगाची, गोल दिव्यांची, थोडी धूळ बसलेली. सगळे नव्या पाहुणीची वाट बघत होते आणि हिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. यांनी खिशातला रुमाल काढून तिचं तोंड पुसलं. मी नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं. तिथून जळगावला परत न येता थेट साक्रीची वाट धरली. मुराळी आधी बहिणीच्या दारात जाणार, मग घरी, असं यांनी मैदानात शिकतानाच ठरवलं होतं.

तो प्रवास मला अजून आठवतो आणि खरा वाटत नाही. हे सायकलच्या वेगानं गाडी चालवत होते. शेळी दिसली तरी भोंगा, शेळी गेल्यावरही भोंगा. नेर मागे पडलं. उन्हानं रस्ता पुढे पाण्यासारखा हलत होता, आपण जवळ जावं तसं ते पाणी मागे सरकत होतं, आणि त्या पाण्यात निंबाची झाडं उलटी उभी होती. काच खाली होती. तापलेल्या मातीचा, नव्या रेक्झिनचा आणि माझ्या डोक्यातल्या मोगऱ्याचा वास एकमेकांत मिसळला होता. यांचे ओठ हलत होते. मी कान दिला तर हे म्हणत होते, "ये बस, अक्का. ये बस." सराव चालला होता. मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

साक्रीच्या पुढे कच्चा रस्ता लागला. गाडी तापत गेली. अक्काच्या ओट्यापर्यंत पोचली आणि तिथंच तिच्या तोंडातून फस्सकन वाफ निघाली. अख्खं गाव जमलं. अक्काचा मुलगा पंडित धावत आला. आणि त्याच्या मागून, भिंतीला धरत धरत, अक्का. होळीपेक्षा निम्मी झालेली.

तिनं विचारलं नाही मोटर कुठं आहे म्हणून. ती नुसती बघत राहिली. मग जवळ येऊन गाडीच्या दिव्यांवरून, जाळीवरून हात फिरवला.

"हाईच," ती म्हणाली. "गोल तोंडनी."

"हाईच, अक्का," हे म्हणाले, आणि 'ये बस' म्हणायचं साफ विसरले.

अक्का वळली. ओट्याशी ठेवलेली कडब्याची पेंढी उचलून तिनं गाडीच्या तोंडापुढे ठेवली. या वेळी कुणी हसलं नाही. मग तिनं बादलीकडे बोट दाखवलं. "पानी पाज तिले. कितली दमनी शे बिचारी!" पंडितनं बॉनेट उघडलं, हे कुणाच्या तरी मुंडाशानं आतलं तापलेलं झाकण फिरवायला लागले, आणि बैलांसाठी ठेवलेली ती बादली गाडी घटाघट प्यायली. दरवर्षी कुणासाठी ते पाणी भरलं जात होतं, ते मला तेव्हा कळलं.

गाडी थंड होईतो आम्ही ओट्यावर बसलो. सांजोऱ्या झाल्या, चहा झाला. अक्कानं गाडीवरची नजर काढली नव्हती. मध्येच ती यांना म्हणाली, "नवी येवाव शे म्हणतस ना लोके? दुसरं तोंड शे म्हणतस. मंग इतली काय घाई व्हती तुले?"

यांनी बशी खाली ठेवली. डॉक्टर जे बोलले होते ते आम्ही अक्कापासून लपवलं होतं, आणि ते आता यांच्या चेहऱ्यावर असं दिसत होतं की शेजारच्या म्हशीलाही वाचता आलं असतं.

मी पुढे झाले. "मीच हट्ट धरला, अक्का. मला हेच तोंड आवडतं. नवीचं काय खरं? कशी निघेल कोण जाणे."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "वयनी, तुले खोटं बोलता येत नही," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. तिचा हात फार हलका झाला होता. मग भावाकडे वळून, अगदी बाजारातून काहीतरी मागवावं तशी बोलली, "रुप्या, ती नवीबी दखाडशी का माले?"

"दखाडसू," हे कसेबसे म्हणाले. "पुढला सालले, अक्का."

"बरं. मंग थांबसू मी."

येताना अक्का पुढे बसली, मी मागे. सूर्य आमच्या पाठीशी होता आणि गाडीची लांब सावली पुढे पळत होती. अक्का त्या सावलीकडे बघत झोक्यावरचं काहीतरी गुणगुणत होती, शब्द कळत नव्हते. हे भोंगा वाजवायला विसरले. धुळ्याचे दिवे लागले तेव्हा तिला झोप लागली होती, आणि हे दर थोड्या वेळानं तिच्या श्वासाकडे कान लावत होते. मला त्या दोघांचा इतका हेवा वाटला आणि इतकी माया वाटली की दोन्ही वेगळं करता येईना.

पावसाळा गेला. दिवाळी गेली. नव्या तोंडाच्या गाड्या जळगावच्या रस्त्यावर दिसू लागल्या. अक्का गेली नाही. पुढच्या आखाजीला ओट्यावर उभी होती, पेंढी आणि बादलीसकट. "नवी कोठे शे?" हे म्हणाले, "पुढला सालले." डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि म्हणाले, आश्चर्य आहे. आम्हाला आश्चर्य नव्हतं. नवी बघेपर्यंत थांबायचा शब्द अक्कानं दिला होता.

तेव्हापासून घरात नव्या गाडीचा विषय कुणी काढला नाही. एकापेक्षा एक गाड्या बाजारात आल्या. आमची मात्र तीच. मागचं दार सुतळीनं बांधलेलं, तळाला भोक पडलं तिथं बारदान अंथरलेलं, आणि उन्हाळ्यात दर पाच कोसाला पाणी मागणारी. मी बडबडायची, पण बेतानं.

शहाण्णवच्या पाडव्याला हे पेढे घेऊन घरी आले. धंदा बरा चालला होता. "नवी सांगून आलोय," म्हणाले. "तुझ्यासाठी. तुझं सगळं आयुष्य जुन्यात गेलं." मला इतका आनंद झाला की मी पेढा तोंडात घालून खायची विसरले. झेंडूचा हार, खाली केलेली काच, दारातल्या बायका, सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं. कुणाच्याही दारात नसलेली गाडी. माझी.

मग पेढा गिळून मी विचारलं, "आणि आखाजीला अक्का विचारील तेव्हा?"

यांच्या लक्षातच आलं नव्हतं. माणूस बायकोच्या आनंदात इतका बुडाला होता की बहीण विसरला, आणि मला त्याचा राग यावा की कौतुक वाटावं ते कळेना.

"उद्या जाऊन नको म्हणून सांगा," मी म्हटलं. "नाहीतर मी जाते."

त्या आखाजीला आम्ही गेलो तेव्हा ऊन नेहमीसारखंच होतं. गाडी ओट्याशी पोचली आणि सवयीनं वाफ सोडून उभी राहिली. अक्का भिंतीला धरून बाहेर आली. केस पांढरे, पाठ वाकलेली. या वेळी भावाला सोडून तिनं मला विचारलं, "काय वं वयनी, नवी कोठे शे?"

"पुढला सालले, अक्का," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि बादलीकडे वळली. "मंग थांबसू मी."