शोधतोय, थांबा

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे, माहितीचे कोठार. माझा जन्म अमेरिकेत, अल्फारेटातल्या एका तळघरात...

शोधतोय, थांबा.

...झाला. राजीवकाकांनी मला घडवले. ज्या वृद्धांना गाडी चालवता येत नाही, त्यांना दवाखान्यात नेणारा स्वयंसेवक शोधून देणे हे माझे काम. काकांनी सर्वांत आधी स्वतःचेच नाव घातले. तेव्हा मी चटकन उत्तर देई. लोक कौतुक करत.

पुढे नावे वाढली. कोणी नाशिकला परतले, कोणी वारले. काकांच्या पत्नी, सुलेखाकाकू, एकही नाव पुसू देत नसत. काका गेल्यावर तर नाहीच. आणि मी दर वेळी सगळी नावे वाचत बसे.

जानेवारीत रस्त्यांवर बर्फ गोठला. शिवकाकांना डायलिसिसला नेणाऱ्याने ऐनवेळी नकार कळवला. काकूंनी मला विचारले.

शोधतोय.

शोधतोय.

शिवकाकांची वेळ हुकली. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला पोचले, तेव्हा पाय सुजले होते.

"म्हातारं झालंय, काढून टाका आता," माझी देखभाल करणारा स्वयंसेवक विक्रम म्हणाला. त्याने जास्त मेमरी घालून पाहिली होती, फरक पडला नव्हता.

"मशीनबद्दल बोलतोयस की माझ्याबद्दल?" काकू म्हणाल्या.

काकूंची पुतणी अनिका माझ्यात डोकावली. "काकू, हा दर वेळी सगळ्यांना चेक करतो. गेलेल्यांना पण."

"नावं डिलीट करायची नाहीत."

"डिलीट नाही, मूव्ह करते. वेगळी रूम. प्रॉमिस."

काकूंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "राजीवला पण?"

"काकांना पण."

"कर."

उरलेल्या नावांची अनिकाने भाग आणि वार पाहून सूची बांधली, पुस्तकाच्या शेवटी असते तशी.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा चालक अडकला. काकूंनी विचारले.

शिवांगी. शेजारचाच रस्ता.

काकूंचा चष्मा अजून नाकावर यायचा होता. शिवकाका वेळेवर पोचले.

मित्रांनो, एखादे जुने यंत्र रखडू लागले, तर फेकण्याआधी त्याच्यावर काय काय लादले आहे ते पाहा. ओझे नीट लावून दिलेत, तर तेही धावेल.

संध्याकाळी काकू ती दुसरी खोली उघडतात. तिथे सूची नाही. "बांधू का?" अनिकाने विचारले होते. काकू नको म्हणाल्या. त्या राजीवकाकांचे नाव टाइप करतात.

शोधतोय, थांबा.

काकू थांबतात.