निरोगी नमुना

प्रयोगशाळेत माझं पोट प्रसिद्ध होतं. आम्ही उलट्या-जुलाबाचे नमुने तपासतो. प्रत्येक तपासणीत एका धडधाकट माणसाचा नमुनाही लावायचा, ही आमच्या मॅडमची पद्धत. त्यात काही न सापडता तो कोरा आला, तरच बाकीचे निकाल खरे मानायचे. अकरा वर्षं त्या निरोगी नमुन्याची डबी माझी होती. "हिला दगडसुद्धा पचतील," असं मॅडम पाहुण्यांना सांगायच्या आणि मी ताठ मानेनं ऐकायचे.

त्या बुधवारी वृद्धाश्रमातून सात डब्या आल्या. एकीवर माझ्या आत्याचं नाव होतं. बिचारीला दोन दिवस सलाईन लागलं होतं. सोबत एक छोटी नळी होती, बोक्याच्या लाळेची. या बोक्याला सगळे 'सरकार' म्हणतात. तो आत्याच्या पायाशी झोपतो. तिचे यजमान गेल्यापासून ती सकाळी उठते ती त्याच्यासाठी. त्याच्या तोंडात फोड आले होते आणि जनावरांच्या डॉक्टरांनी कॅलिसीविषाणू असल्याचं लिहून दिलं होतं.

आश्रमाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "माणसांना झालाय तो नोरोविषाणू असावा म्हणतात. तो आणि बोक्याचा, दोन्ही एकाच घराण्यातले का हो?"

"हो, एकाच," मी म्हणाले आणि घाईत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. आवाज पार खोल गेलेला. "सोमवारी सरकारला नेतायत. इंजेक्शन देऊन कायमचा झोपवणार. तुझ्या प्रयोगशाळेनंच सांगितलं म्हणे. काय बोललीस गं तू?"

मी व्यवस्थापकांना लगेच फोन लावला. वाघ आणि मांजर एकाच घराण्यातले, म्हणून मांजराला कुणी वाघ म्हणत नाही, असं परोपरीनं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग इथे रोग आणला कुणी? ते दाखवा, बोका राहील."

मी कामाला लागले. आमच्या भिंतीवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं या विषाणूचं चित्र आहे. इवला गोल, अंगभर पेल्यासारखे खळगे. त्या पेल्यांवरूनच घराण्याला 'कॅलिसी' हे नाव मिळालं. आत जेमतेम साडेसात हजार अक्षरांचा जनुकीय मजकूर. ना पेशी, ना श्वास, ना भूक. दहा-वीस कण पोटात गेले तरी माणूस आडवा होतो, आणि मग तोच माणूस अब्जावधी कण बाहेर टाकतो. इतकी वर्षं मी हे बघतेय, तरी विषाणू सापडून यंत्राच्या पडद्यावर रेष वर चढू लागली की अजूनही माझे हात थांबतात.

सात रेषा चढल्या. आणि त्यांच्या मागून आठवी. निरोगी डबीची.

आधी मी यंत्राला शिव्या घातल्या, मग नळ्या भरणाऱ्या मुलीला. सगळं नव्यानं लावलं. आठवी रेष पुन्हा चढली. शेवटी सगळ्या विषाणूंची अक्षरं वाचून घेतली. बोक्याचा मजकूर अगदी वेगळा, दूरच्या चुलत्याचा. सातही माणसांचा तंतोतंत एक. माझा त्यांच्याशी जुळवला, तर एका अक्षराचाही फरक नव्हता.

मागच्या गुरुवारी अर्धा दिवस माझं पोट बिघडलं होतं. मी ते कुणाला सांगितलंही नाही, माझा तोरा ना! शनिवारी नवी डबी भरून दिली. रविवारी आत्याकडे गेले, हाताला जंतुनाशक जेल चोळलं, संत्री सोलली आणि टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना फोडी वाटल्या. जेलनं हा विषाणू नीट मरत नाही, साबण-पाण्यानं हात खळखळून धुवावे लागतात. हे मी दर वर्षी नव्या मुलांना शिकवते.

मॅडम हळूच म्हणाल्या, "नमुना बिघडला असं लिहू. दुसऱ्या कुणाची तरी डबी लावू. कुणाला कळणार नाही."

मी पडद्याकडे बघत राहिले. डोळ्याला न दिसणारा तो मजकूर माझ्या बोटांवरून संत्र्यावर गेला, सात देहांत उतरला, असंख्य वेळा लिहिला गेला, आणि तरी माझी ओळख विसरला नव्हता. मला भीती वाटली, शरम वाटली, पण खरं सांगते, सगळ्यात जास्त वाटलं ते नवल. त्याच्यापुढे खोटं लिहायला माझा हात धजेना.

शनिवारी मी आश्रमाच्या जेवणघरात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. "बोक्यानं नाही, मी आणला." व्यवस्थापकांनी खिशातून सोमवारची चिठ्ठी काढली आणि फाडली.

आत्या सरकारच्या पाठीवरून हात फिरवत होती. हात न थांबवताच म्हणाली, "तरीच मला सगळ्यांत जास्त त्रास झाला. दोन फोडी तू मला जास्त दिल्या होत्यास."

मग तिनं मोरीकडे बोट दाखवलं. "साबण तिथं आहे. धुऊन ये, मग जवळ बस."