खांबाचे दोन सूर

साठी उलटलेला माणूस भरदुपारी दिवाणखान्यात रांगताना दिसला, तर घरच्यांनी काय समजायचं? बायको चहाचे कप घेऊन दारातच थबकली. त्याच्या लाडक्या आरामखुर्चीत एक काळा चौकोनी डबा ऐटीत बसला होता, आणि नवरा टीपॉयखालून डोकं बाहेर काढत होता.

"अहो, कंबरेचा काटा ढिला झाला तर मला हाक मारू नका हं!"

"अगं, असंच करतात! विचार हिला."

लेक हसू दाबत म्हणाली, "खरंच गं आई. सबवूफर, म्हणजे हा खर्जाचा स्पीकर, आधी आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि खोलीभर रांगायचं. जिथे खर्ज सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल, तिथे नेऊन ठेवायचा. मग खुर्चीत बसलं की तस्साच ऐकू येतो."

त्याला आता कुणाचं ऐकायला वेळ नव्हता. पाच वाजता अक्का येणार होती, त्याची थोरली बहीण. त्याला 'खांब' हे नाव तिनेच ठेवलेलं.

त्याचं असं झालं. चाळीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या ऑर्केस्ट्रात अक्का गायची आणि हा खर्जाची साथ देणारी बेस गिटार वाजवायचा. त्या दिवसांची एकच कॅसेट उरली. तिच्यात ट्रम्पेट आहे, ड्रम आहे, अक्का तर आहेच. हा मात्र औषधालाही नाही. "वाजवतोय कुठे? खांबासारखा उभा होता नुसता," असं अक्का एकदा म्हणाली आणि नाव चिकटलं. भाचरंसुद्धा खांबमामा म्हणू लागली. तो सगळ्यांबरोबर हसायचा, पण त्याला ते लागायचं. फार लागायचं.

"दुसऱ्या कडव्याआधी सगळे थांबतात ना, तिथे फक्त माझे दोन सूर आहेत!" असं तो शपथेवर सांगायचा.

"तिथे शुकशुकाट आहे रे."

"आणि त्या शुकशुकाटानंतर कोण बेसूर होतं?"

यावर अक्का विषय बदलायची. एवढ्या तयार कानाची बाई तिथेच कशी घसरली, हे तिलाही कोडं होतं.

परवा लेकीने सहज सांगितलं, की छोट्या स्पीकरला इतके खालचे सूर पेलतच नाहीत. झालं! तिसऱ्या दिवशी डबा घरात.

कोपऱ्यात खर्ज नुसताच घुमत होता, रिकामं पिंप बडवावं तसा. दाराजवळ अगदीच मिळमिळीत. खिडकीखाली, पुस्तकांच्या कपाटाशी मात्र तो रांगता रांगता थांबला. "इथे! इथे!" तो ओरडला, आणि उठताना कपाटाला डोकं आपटलं तेही त्याला कळलं नाही.

डबा तिथे गेला, वायर खोचली, लेकीने मागची बटणं फिरवली. हा खुर्चीत बसला आणि त्याचा चेहरा पडला. खर्ज कुठे गडपच झाला होता.

"थांब बाबा, फेजचा खटका उलटा असेल. छोटा स्पीकर हवा ढकलतोय तेव्हा डबा ती ओढतोय. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात."

"नवरा-बायकोसारखं," बायको म्हणाली.

खटक्! आणि खुर्चीच्या हातांपर्यंत सूर आला. भरदार, गोल, मऊ. त्याने टाळीच वाजवली.

कॅसेट मात्र त्याने राखून ठेवली होती. ती अक्कासमोरच लावायची.

अक्का आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "काय खांब, हा काय नवीन उद्योग?" त्याने तिला आपल्या खुर्चीत बसवलं. लेकीने गाणं लावलं.

पहिल्या ओळीपासून तो होता! ट्रम्पेटच्या खाली, ड्रमच्या मागे, अक्काच्या पावलाशी पाऊल ठेवून चालणारा. बायकोने चक्क त्याचा दंड धरला. "अहो, हे तुम्ही?" त्याने जोरजोरात मान हलवली. अक्का डोळे मिटून ऐकत होती.

पहिलं कडवं संपलं. सगळी वाद्यं थांबली. चाळीस वर्षांच्या शुकशुकाटातून पहिला सूर उमटला. मग दुसरा.

दुसरा चुकलेला होता. चांगला एक पट्टी खाली. आणि नेमका तोच सूर पकडून अक्का गायला लागली होती.

लेकीने गाणं थांबवलं. अक्काने डोळे उघडले.

"अरे चांडाळा! सूर मी तुझ्याकडून घेतला होता! खांब म्हणून टेकले, आणि खांबच वाकडा!"

बायको खो खो हसत सुटली. तो मात्र कान पकडायला उचललेला हात तसाच धरून उभा होता.

"अक्का, म्हणजे तेव्हा... मी तुला ऐकू येत होतो?"

"ऐकू येत नसतास तर चुकले असते का रे?" अक्काने पदराने डोळे टिपले आणि लेकीला म्हणाली, "मागे घे गं, पहिल्यापासून लाव. आणि माझ्या भावाचा आवाज वाढव."