भाचीचे पाय

दवनीवाड्याच्या धनलाल कटरेच्या घरात रिंकी आली ती थेट पाटावर. आधी पाट, मग परात, मग कोमट पाणी. धनलालने आपल्या नऊ वर्षांच्या भाचीचे पाय धुतले, टॉवेलने पुसले आणि त्यांवर डोकं ठेवलं. त्याच्यामागून त्याची बायको योगेश्वरी वाकली. पोवारांच्या घरात बहिणीचं लेकरू देवाच्या ठिकाणी असतं. त्याच्यावर हात उगारायचा नाही, त्याला हलकं काम सांगायचं नाही, चुकून आपला पाय लागला तर तिथल्या तिथे नमस्कार करायचा. चांगले मिशीवाले मामा शेंबड्या भाच्यापुढे वाकतात आणि कुणाला त्यात काही नवल वाटत नाही.

आणि रिंकी होतीही वाकावं अशीच. गालाला खळी, पाठीवर दोन वेण्या, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याने पुन्हा एकदा बोलायला लावावं. सडक अर्जुनीला हायवेवर तिच्या बापाचा धाबा. ट्रकवाल्यांच्या शिव्यांत वाढलेल्या पोरीच्या तोंडून एक वाकडा शब्द निघत नव्हता. पंधरा दिवसांत तिने अख्खी गल्ली खिशात घातली. कुणाची सुई ओवून दे, कुणाच्या कमरेला तेल लाव. आजी रामबाई, म्हणजे धनलालची आई, तर तिला जवळ घेतल्याशिवाय जेवेना.

तिच्या धाकट्या भावाला, मोनूला, जाऊन वर्ष उलटलं होतं. धाब्यामागे ड्रायव्हर लोक आंघोळ करतात, त्या सिमेंटच्या टाक्यात तो बुडाला. तेव्हापासून रिंकीची आई सुमित्रा, म्हणजे धनलालची एकुलती बहीण, कुणाशी धड बोलत नव्हती. पुढे तिला पुन्हा मुलगा झाला, आणि तो महिन्याचा होतो न होतो तोच तिने भावाला निरोप धाडला, रिंकीला घेऊन जा, इथे तिच्या शाळेचे हाल होतात.

योगेश्वरीच्या मनात पाल चुकचुकली ती इथे. एक लेकरू गेलेली आई दुसऱ्याला पदराआडून हलू देत नाही. हिने कसं काय धाडून दिलं? पण हे विचारायचं कुणाला? विचारलं असतं तर भाचीच्या दोन घासांचा हिला भार झाला, असंच सगळे म्हणाले असते. तिने प्रश्न गिळला.

योगेश्वरीचा मुलगा खुमेंद्र तीन वर्षांचा. सगळे त्याला खुमू म्हणत. तो रिंकीच्या मागे मागे फिरायला लागला, आणि शेळीचं पांढरं पिल्लू त्याच्या मागे मागे. ही वरात सकाळ-संध्याकाळ अंगणात चालायची. मग दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी ते पिल्लू घरामागच्या बोडीत, म्हणजे शेतासाठी पाणी साठवतात त्या लहानशा तळ्यात, मरून तरंगताना सापडलं. रिंकी किंचाळत आली. हुंदके देत तिने सगळ्यांना सांगितलं की पिल्लू पाणी प्यायला गेलं, घसरलं, आणि ती धावली पण पोचली नाही. बाया गोळा झाल्या. पिल्लू राहिलं बाजूला, सगळ्या पोरीचेच डोळे पुसत बसल्या.

योगेश्वरी तेवढी पिल्लाच्या खुंट्याकडे गेली. शेळीची जात पाण्याला किती भिते हे तिला का माहीत नव्हतं? चार थेंब पडले तरी वळचणीला पळणारी ती जनावरं. शिवाय पिल्लाला खुंट्याला तिने स्वतः बांधलं होतं, दोन गाठी मारून. दोरी तुटली नव्हती. सोडलेली होती, नीट. बाया गेल्यावर रिंकी चुलीजवळ आली आणि तिने विचारलं की मामी, आज भजे करशील का. डोळे कोरडे, चेहरा टवटवीत. मामीने भजे तळले. भाचीने मागितल्यावर दुसरं काय करणार?

त्या दिवाळीला धनलालचा धाकटा भाऊ उमेंद्र बायकोला आणि पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन गोंदियाहून आला. येताना भाड्याने सीडी प्लेयर आणला. गाण्यांच्या, मारामारीच्या सीड्या झाल्यावर एक इंग्रजी सिनेमा लागला, हिंदी आवाज दिलेला. त्यात परीसारखी एक मुलगी होती. केसांना रिबिन, मोठ्यांशी बोलताना मान तिरकी. ती एकेकाचा असा जीव घेत होती की कुणाला संशयही येऊ नये. खोलीत शेजारपाजारच्या बाया ओरडत होत्या. रामबाईने डोळ्यांवर पदर घेतला. रिंकी मात्र सगळ्यांत पुढे मांडी घालून बसली होती आणि शांतपणे शंकरपाळे खात होती. शेवटी ती मुलगी पकडली गेली तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं.

नंतर योगेश्वरी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली, तर रिंकी मागोमाग आली.

"तिनं आधीच रडाले पायजे होतं, मामी," ती हळूच म्हणाली. "मंग कोणालेच कळलं नसतं."

पाहुणे गेल्यावर योगेश्वरीने नवऱ्याला सगळं सांगितलं. पिल्लाची दोरी, भजे, हे बोलणं. धनलाल आधी हसला, मग त्याचा पारा चढला.

"सिनेमा शिरला तुया डोक्यात," तो म्हणाला. "माई भाची हाय ते. भाऊ मेला तिचा. तिच्याबद्दल असं बोलून राहिली, जीभ झडन तुयी."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण भिंतीला कान होते म्हणा किंवा पोरीला होते म्हणा, दुसऱ्याच दिवशी रिंकी मामाच्या मांडीत तोंड खुपसून रडली. तो सिनेमा पाहिल्यापासून मामी माझ्याकडे कशीतरीच बघते, मला भीती वाटते, असं तिने सांगितलं. झालं. रामबाईने सुनेशी बोलणं टाकलं. गल्लीत योगेश्वरीला बाया हसून विचारू लागल्या की आज कोणता सिनेमा लावला. आता तिने घराला आग लागली म्हणून ओरडलं असतं, तरी सीडी कुठली ते आधी विचारलं असतं लोकांनी.

कधी कधी तिला स्वतःचाच संशय येई. सासूचा जीव भाचीवर, नवऱ्याचा जीव भाचीवर, पोरगाही तिच्याच मागे. आपण जळतो की काय? नऊ वर्षांच्या पोरीवर? असं वाटलं की ती रिंकीच्या वेण्या घालायला घेई, केसांना तेल लावी, आणि रिंकी मान तिरकी करून आरशातून तिच्याकडे पाहत राही.

मग एका सकाळी जेवताना खुमू तोंडात घास घेऊनच बोलला.

"ताई म्हणते बोडीत मोठ्ठी मासोळी हाय. हात टाकला का येते."

धनलालचा हात ताटावर थांबला. रिंकीचा नाही थांबला. तिने शांतपणे सांगितलं की ती खुमूला तिकडे जाऊ नको म्हणूनच बजावत होती. रामबाईने लगेच तिच्या पाठीवरून हात फिरवला, किती काळजी पोरीला. धनलालचा हात पुन्हा भाताकडे गेला.

त्या दिवसापासून योगेश्वरीने पोराला कडेवरून उतरवलं नाही. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती, खळ्यावर गेली तरी पोर कडेला, पाणी भरायला गेली तरी कडेला. कंबर मोडायची वेळ आली. पण तीन वर्षांचं पोर किती दिवस कडेवर राहणार? एक दिवस हात सुटणार, हे तिला दिसत होतं. शेवटी धान घरात येऊन पडल्यावर, नणंदेचं बाळ पाहून येते असं सांगून, खुमूला घेऊन ती सडक अर्जुनीला गेली.

सुमित्रा धाब्याच्या मागच्या खोलीत होती. टाकं आता नव्हतं, तिथे मुरूम भरून वर खाट टाकली होती. तिने वहिनीला चहा दिला, गावाकडचं सगळं विचारलं, पण लेकीचं नाव काढलं नाही. मग योगेश्वरीनेच काढलं. पोरगी छान रमली, अभ्यासात हुशार आहे, आता तुमचं बाळही मोठं झालं, तर तिला परत आणून सोडते, असं ती म्हणाली.

सुमित्राने पाळण्यातलं झोपलेलं मूल उचलून छातीशी धरलं. मूल दचकून रडायला लागलं, तरी तिने सोडलं नाही.

"नोको आणू," ती म्हणाली. "वहिनी, पाया पडतो, नोको आणू."

मग ती बोलली. वर्षभर कुणाशी बोलली नव्हती ते सगळं. त्या दिवशी ती खिडकीशी भांडी घासत होती. मोनू टाक्यात हातपाय मारत होता आणि रिंकी काठावर बसून पाहत होती. हाक मारली नाही, उठली नाही. सुमित्रा धावत पोचेपर्यंत पाणी शांत झालं होतं. "अन् तवा ते रडली," सुमित्रा म्हणाली. "पाणी थांबल्यावर रडली." तिने नवऱ्याला सांगितलं नाही. त्याने पोरीचा जीव घेतला असता. आणि काही झालं तरी तीही पोटचीच होती. मग हे बाळ झालं, आणि रिंकी पाळण्याशी येऊन उभी राहू लागली.

योगेश्वरीला आधी रडू आलं, मग संताप. "म्हनून माया घरी धाडली? मायं पोरगं दिसलं नाही तुमाले?"

सुमित्राने खुमूकडे पाहिलं. "भावाच्या घरी तिले कोणी मारणार नाही, हे माहीत होतं," ती म्हणाली. "अन् तू पाहशील, असं वाटलं. बाकी कोणी पाहत नाही, वहिनी. सारे तिचं तोंडच पाहतात."

परतीच्या बसमध्ये योगेश्वरी नणंदेला मनातल्या मनात शिव्या घालत होती. तिची कीवही येत होती, आणि त्यामुळे शिव्या आणखी कडू होत होत्या. घरी सांगून उपयोग नव्हता. भावाने विचारलं तर मी नाही म्हणेन, असं सुमित्राने निघताना स्पष्ट सांगितलं होतं.

संक्रांतीला उमेंद्र पुन्हा आला, आणि योगेश्वरीने मागितली नव्हती ती वाट आपणहून समोर आली. रिंकी हुशार आहे, गोंदियाला इंग्रजी शाळेत घालू, आमच्याकडे राहू दे, असा त्याने विषय काढला. मीही मामाच आहे, नुसत्या धनलालनेच का पुण्य घ्यावं, असंही तो हसत म्हणाला. धनलाल तयार झाला. रामबाईने नातीच्या सुखासाठी मन घट्ट केलं. रिंकी टाळ्या वाजवत उठली आणि उमेंद्रच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली. मुलगी आता आठ महिन्यांची होती आणि नुकतीच रांगायला लागली होती.

योगेश्वरीला सुटल्यासारखं झालं. अगदी खरं सांगायचं तर तिने मनात रिंकीचे कपडेही भरून टाकले. उमेंद्रची बायको भुमेश्वरी मात्र साधी बाई. तिने जावेला बाजूला घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमी तं सांभाळलं तिले. माया पोरीले जपन ना ते?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द, आणि खुमू मोकळा. योगेश्वरीने बाहेर पाहिलं. रिंकी बाळाच्या बोटांशी खेळत होती, एकेक बोट वेगळं करून पाहत होती.

योगेश्वरी जावेला तिथेच सोडून ओसरीवर आली. "रिंकी कोठी नाही जाणार," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "माया जवळ राहीन. खुमूले मी दरेकशाले धाडून राहिली, त्याच्या मामाकडं."

मग धनलालचे डोळे भरून आले. बायकोला उपरती झाली, भाचीसाठी ती पोटचं पोर दूर करायला निघाली, असा त्याने अर्थ घेतला आणि चार लोकांत तो तिचं कौतुक करत सुटला. गल्लीतल्या बायांनी वेगळा घेतला. ही कसली आई, एवढंसं पोर धाडून देते? योगेश्वरीने दोन्ही ऐकून घेतलं.

दरेकशाला तिचा भाऊ केवळराम रेल्वेत गँगमन होता. त्याने खुमूला पाटावर बसवलं, पाय धुतले, डोकं टेकवलं, तसा खुमू गुदगुल्या झाल्यासारखा खिदळला. आई निघाली हे त्याला कळलंच नाही. गाडीत योगेश्वरी गोंदिया येईपर्यंत रडली. कुणी पाहावं म्हणून नाही. रडू आवरत नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परसात विळीवर वांगी चिरत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. रिंकी येऊन समोर उभी राहिली.

"मायनं सांगतलं तुले?" तिने विचारलं. आवाजात साखर नव्हती. असा आवाज योगेश्वरीने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"सांगतलं."

"मंग मले काऊन ठेवलं?"

"दुसरं कोणी तुयावर ध्यान ठेवणार नाही म्हनून," योगेश्वरी म्हणाली. "मी ठेवीन. रोज."

रिंकी हसली नाही आणि रडलीही नाही. ती मामीच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मामीनेही नजर काढली नाही. मग योगेश्वरीने विळी आपल्या पलीकडच्या बाजूला सरकवली आणि तिला शेजारी बसायला जागा केली.